जुन्या आणि खास फॉरमॅटमधल्या इमेज फाइली कन्व्हर्ट करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीटीपीवाले, फ्लेक्सवाले, घरातल्या जुन्या सीडी काढून बसलेले लोक, प्रोजेक्ट करणारी मुलं, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकत्र लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. कन्व्हर्ट करताना काही ना काही मागे राहतंच, कधी लेयर, कधी रंग, कधी अक्षरं, तर काय मागे राहणार आहे ते आधी समजून घ्या आणि काम झालं तरी मूळ फाइल डिलीट करू नका.

फाइलच्या नावात डॉट टिफचं डॉट जेपीजी केलं की झालं ना?

नाही हो. नाव बदलून आतला डेटा बदलत नाही. प्रोग्राम फाइलचे पहिले काही बाइट वाचतो आणि त्यावरून ठरवतो ही कुठली फाइल आहे. बीएमपी सुरू होते बी आणि एम या अक्षरांनी, गिफ सुरू होते जीआयएफ८७ए किंवा जीआयएफ८९ए ने, फोटोशॉपची पीएसडी सुरू होते ८बीपीएस ने. टिफमध्ये पहिल्यांदा दोन आय किंवा दोन एम असतात आणि लगेच ४२ हा आकडा. दोन आय असले तर बाइट इंटेलच्या पद्धतीने मांडलेत, दोन एम असले तर मोटोरोलाच्या, म्हणजे फाइल जुन्या मॅकवर तयार झालेली असण्याची शक्यता बरीच.

हे माहीत असलं की एक्स्टेन्शनच नसलेली फाइलसुद्धा ओळखता येते. जुन्या मॅकवाल्यांच्या फाइलींना एक्स्टेन्शन नसायचंच, फाइलचा प्रकार सिस्टिम वेगळा लक्षात ठेवायची आणि विंडोजवर कॉपी करताना तो हरवायचा. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ बघा, बाकी सगळा कचरा दिसेल पण सुरुवातीची अक्षरं कळतील. फक्त तिथून सेव्ह करू नका, नोटपॅडने सेव्ह केली की फाइल कायमची खराब.

टार्गा म्हणजे टीजीए मात्र अशी पकडता येत नाही, तिच्या सुरुवातीला काही खूणच नाही. नंतरच्या आवृत्तीत फाइलच्या शेवटी ट्रूव्हिजन-एक्सफाइल असं लिहिलेलं सापडतं.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? फुकटातलं सांगा.

इरफानव्ह्यू आणि एक्सएनव्ह्यू एमपी ही दोन आधी टाका. इरफानव्ह्यू १९९६ पासून आहे, हलकं आहे, प्लगइन टाकले की बरंच काही उघडतं, आणि एक्स्टेन्शन चुकीचं असेल तर स्वतःच सांगतं आणि बदलू का विचारतं. एक्सएनव्ह्यू ५०० च्या वर फॉरमॅट वाचतं, अमिगा, अटारी, जुना मॅक अशा जुन्या कॉम्प्युटरांचे सगळे. दोन्ही घरगुती वापराला फुकट आहेत, प्रेसमध्ये किंवा दुकानात वापरणार असाल तर लायसन्स घ्यायचं असतं. फार काही पैसे नाहीत, घ्या, ती माणसं वर्षानुवर्षं हे सांभाळतायत.

ज्यांना कमांड टाइप करायची भीती नाही त्यांना इमेजमॅजिक. व्हेक्टरसाठी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांच्या फाइलींसाठी, इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ, आणि ईपीएससाठी (पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेतली चित्राची फाइल) घोस्टस्क्रिप्ट. ही सगळी ओपन सोर्स आहेत, धंद्यात वापरली तरी चालतं.

कोरेलड्रॉची जुनी सीडीआर फाइल आहे, कोरेल नाहीये. काय करू?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, हँडबिल, फ्लेक्स हे सगळं कोरेलमध्ये होतं, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

आधी आत काय आहे ते बघा. एक्स४ आणि नंतरच्या कोरेलमध्ये सेव्ह केलेली सीडीआर ही आतून झिप असते. फाइलची कॉपी करा, सेव्हन-झिपने उघडा, आत मेटाडेटा फोल्डरमध्ये थंबनेल म्हणून छोटी बीएमपी मिळेल. छापायला तिचा उपयोग नाही पण १०० फाइलींमधून हवी ती पत्रिका शोधायला पुरते. त्याआधीच्या आवृत्त्यांची फाइल आरआयएफएफ या अक्षरांनी सुरू होते, ती झिप नाही, तिथे ही युक्ती चालणार नाही.

मग लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून बघा. २०१२ पासून त्यात सीडीआर वाचता येते, आणि ती वाचणारा तोच तयार कोड (लायब्ररी) इंकस्केपही वापरतं. साधे आकार, रेषा, सपाट रंग बरेचसे नीट येतात. ट्रान्सपरन्सी, लेन्स, मेश फिल, पॉवरक्लिप या कोरेलच्या इफेक्टची खात्री नाही, काही जागी काळा चौकोन दिसेल काही जागी काहीच दिसणार नाही. म्हणून उघडली म्हणजे बरोबर उघडली असं समजू नका, जुनी छापील प्रत असेल तर शेजारी ठेवून एकेक गोष्ट तपासा.

सगळ्यात भरवशाचा रस्ता म्हणजे ज्याच्याकडे कोरेल आहे त्याच्याकडून पीडीएफ करून घेणं. फाइल खूपच जुनी असेल आणि नवं कोरेल घेत नसेल तर मधल्या आवृत्तीच्या कोरेलमध्ये उघडून नवीन आवृत्तीत सेव्ह करून पुढे आणावी लागते. गावातल्या जुन्या डीटीपी सेंटरमध्ये असा एखादा पीसी अजून चालू असतो, तो आहे तोवरच ही कामं उरकून घ्या.

फाइल उघडली पण मराठी अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतंय.

फाइल खराब नाहीये, फॉन्ट नाहीये. श्री-लिपी, आकृती, इझम या सगळ्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले, काना वेगळा, अर्धा त वेगळा, रफार वेगळा, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट गेला की फाइलला फक्त त्या इंग्रजी जागा दिसतात आणि स्क्रीनवर खिचडी होते.

तर क्रम असा. आधी तोच फॉन्ट, शक्यतो त्याच आवृत्तीचा, मशीनवर टाका. मग फाइल उघडा, वाचून बघा, जोडाक्षरं विशेष करून बघा. मग दोन प्रती करा. एका प्रतीत सगळा मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल क्यू, म्हणजे कर्व्ह (अक्षरांचे नुसते आकार), आणि तिचं पीडीएफ किंवा एसव्हीजी करा, ती आता कुठल्याही मशीनवर तशीच दिसेल. दुसऱ्या प्रतीत मजकूर मजकूरच राहू द्या, आणि जमलं तर तो फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोड करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये शेजारी ठेवा. कर्व्ह केलेल्या अक्षरात नंतर साधी वेलांटीसुद्धा सुधारता येत नाही आणि शोधताही येत नाही. नुसती कर्व्हची प्रत ठेवून मूळ फेकून दिलेली बघितली की फार वाईट वाटतं, कारण दिवाळी अंकाचा अख्खा मजकूर असा कायमचा चित्र होऊन बसतो.

ईपीएस कन्व्हर्ट केली तर चित्र फाटलेलं का येतं?

दोन कारणं. पहिलं, ईपीएसच्या पोटात बऱ्याचदा एक हलकं प्रिव्ह्यू चित्र असतं, जुन्या पेजमेकरसारख्या पान लावायच्या प्रोग्रामला स्क्रीनवर दाखवायला ठेवलेलं. काही प्रोग्राम खरा पोस्टस्क्रिप्ट वाचतच नाहीत, ते प्रिव्ह्यूच उचलून देतात. घोस्टस्क्रिप्ट टाकलेलं असेल तर खरं चित्र मिळतं. दुसरं, इमेजमॅजिक व्हेक्टर फाइल स्वतःहून ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) वाचतं. डेन्सिटी ३०० किंवा ६०० सांगायची ती फाइलच्या नावाच्या आधी, नंतर सांगितली तर चित्र आधीच लहान वाचून झालेलं असतं आणि काही उपयोग होत नाही.

लिनक्सवर नॉट ऑथराइज्ड अशी एरर आली तर घाबरू नका. घोस्टस्क्रिप्टमध्ये सुरक्षेच्या भानगडी सापडल्यावर बऱ्याच लिनक्सवाल्यांनी इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये पीएस, ईपीएस, पीडीएफ बंद करून ठेवलं. अशा वेळी थेट घोस्टस्क्रिप्ट चालवून पीडीएफ करा, तेच जास्त स्वच्छ. मायक्रोसॉफ्ट ऑफिसनेही २०१७ मध्ये ईपीएस टाकणं बंद केलं आणि मॅकच्या प्रिव्ह्यू नावाच्या ॲपने २०२२ च्या व्हेंचुरापासून, त्यामुळे ईपीएसचा साठा असेल तर आत्ताच पीडीएफ करून ठेवलेला बरा.

प्रेसची जेपीजी मोबाइलवर उलट्या रंगात किंवा भडक दिसते.

ती सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशोबातली आहे, स्क्रीनचा हिशोब आरजीबी म्हणजे लाल-हिरवा-निळा. फोटोशॉप सीएमवायके जेपीजीमध्ये आकडे उलटे करून लिहितो, ज्या व्ह्यूअरला हे माहीत नाही तो निगेटिव्ह दाखवतो. भडक रंग येतात ते प्रोफाइल (कुठला आकडा म्हणजे नेमका कुठला रंग ही नोंद) न बघता सरळ गणित करून आरजीबी केल्यामुळे. फोटोशॉपमध्ये कन्व्हर्ट टू प्रोफाइल वापरा, असाइन नाही. असाइन केलं की आकडे तेच राहतात आणि अर्थ बदलतो, कन्व्हर्ट केलं की दिसणं सांभाळून आकडे बदलतात. आणि पीएनजीमध्ये सीएमवायके हा प्रकारच नाही, म्हणून छपाईची फाइल पीएनजीत ठेवली की ती आरजीबीच झाली.

आता यातली मोठी नुकसानीची गोष्ट. काळा मजकूर सीएमवायकेमध्ये नुसत्या काळ्या शाईचा असतो, के १०० टक्के, बाकी तीन शून्य. ती फाइल कोणी व्हॉट्सॲपसाठी आरजीबी केली आणि पुन्हा तिचीच सीएमवायके करून प्रेसला दिली की तो काळा चार शाईंचा होतो. ऑफसेटवर रजिस्ट्रेशन (चारही शाया एकमेकांवर नेमक्या बसणं) केसभर जरी हललं तरी बारीक अक्षरांच्या कडेला लाल-निळी झाक येते, आठ पॉइंटचा मजकूर तर वाचवत नाही. मशीनवाल्याची यात काही चूक नसते. म्हणून एकदा आरजीबी केलेली प्रत छपाईला परत कधीच द्यायची नाही, मूळ सीएमवायकेच द्यायची.

टिफ आहे पण उघडत नाही, किंवा पहिलंच पान दिसतं.

टिफ म्हणजे डबा आहे, आत काय भरलंय ते वेगवेगळं असतं. आल्डस कंपनीने १९८६ मध्ये काढला, ६.० ही आवृत्ती १९९२ ची, आणि आत एलझेडडब्ल्यू, फॅक्सचं ग्रुप ३ आणि ग्रुप ४, जेपीईजी, किंवा काहीच कॉम्प्रेशन नाही, असं काहीही असू शकतं. जेपीईजीचेही दोन प्रकार आहेत, जुना प्रकार नीट ठरवलेलाच नव्हता त्यामुळे आजचे कितीतरी प्रोग्राम तिथे हात टेकतात, अशी फाइल इरफानव्ह्यू आणि एक्सएनव्ह्यू दोन्हींत टाकून बघायची. एका टिफमध्ये अनेक पानंही असतात, साध्या व्ह्यूअरमध्ये पहिलंच दिसतं आणि साध्या कन्व्हर्टरमधून पहिलंच बाहेर येतं. आधी पानं किती आहेत ते मोजा.

स्कॅन केलेल्या काळ्या-पांढऱ्या पानांची जेपीजी करू नका, हे हात जोडून सांगतो. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, म्हणजे ८७ लाखांच्या आसपास. एक बिटने ठेवलं तर कॉम्प्रेशन नसतानाही जेमतेम ११ लाख बाइट, आणि ग्रुप ४ लावलं की मजकुराचं पान त्याच्या कितीतरी खाली येतं. तेच जेपीजी करायचं म्हटलं की आधी प्रत्येक पिक्सेल आठ किंवा २४ बिटचा होतो आणि जेपीईजी फोटोसाठी केलेलं असल्यामुळे अक्षरांच्या कडेला धुरळा उठतो. फाइल मोठी आणि अक्षर खराब, दोन्हीकडून तोटा. पीएनजी करा किंवा ग्रुप ४ तसंच ठेवून पीडीएफमध्ये घाला, एकही पिक्सेल बदलत नाही.

पीसीएक्स, आयएफएफ, टार्गा, असल्या ९० च्या दशकातल्या फाइली कशात करू?

पीएनजी. पॅलेट (चित्रातल्या रंगांची यादी) पण सांभाळतो आणि टार्गातला अल्फा चॅनल (पारदर्शकतेची माहिती) पण.

पीसीएक्समध्ये २५६ रंगांचं पॅलेट फाइलच्या अगदी शेवटी असतं, १२ हा एक बाइट आणि त्यानंतर ७६८ बाइट, म्हणजे २५६ गुणिले लाल-हिरवा-निळा. फ्लॉपीवरून अर्धवट कॉपी झालेली फाइल असेल तर शेपूट तुटतं, आकार बरोबर दिसतात पण रंग भलतेच. त्याच सेटमधली दुसरी धड फाइल असेल तर तिचं पॅलेट उचलून लावता येतं, बऱ्याचदा अख्ख्या सेटला एकच पॅलेट असतं.

डॉसच्या काळातली ३२० गुणिले २०० ची चित्रं आज बसकी दिसतात, कारण तेव्हाचा मॉनिटर ती ४:३ मध्ये ताणून दाखवायचा, पिक्सेल चौरस नव्हतेच. मूळ आकाराची पीएनजी ठेवा आणि दाखवायची प्रत वेगळी करा, उंची २४० च्या प्रमाणात. अमिगाच्या हॅम मोडमधल्या चित्रात ४०९६ पर्यंत रंग असतात, त्याची गिफ केली की २५६ वर येणार, तेव्हा तीही पीएनजीच. टार्गा उलटी आली तर फाइल बिघडलेली नाही, त्यात ओळी सहसा खालून वर लिहितात आणि तुमच्या प्रोग्रामने ते बघितलेलं नाही.

कोडॅक फोटो सीडीची पीसीडी फाइल इतकी लहान का निघते?

एकाच फाइलमध्ये तेच चित्र पाच आकारांत असतं. बेस आकार ७६८ गुणिले ५१२, आणि सर्वात मोठा ३०७२ गुणिले २०४८. बरेच प्रोग्राम बेस उघडून मोकळे होतात. सेटिंगमध्ये मोठा आकार निवडा, आणि फोटोतला पांढरा भाग जळल्यासारखा आला तर दुसरा प्रोग्राम वापरून बघा, कारण फोटो सीडीत पांढऱ्याच्याही वरची उजेडाची माहिती असते आणि सगळ्यांना ती हाताळता येत नाही.

पीएसडी दुसऱ्या प्रोग्राममध्ये पांढरीफटक दिसते.

फोटोशॉपमध्ये सेव्ह करताना मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी बंद होतं, त्यामुळे सगळे लेयर एकत्र केलेलं चित्र आत लिहिलंच गेलं नाही. गिंप या फुकटच्या प्रोग्राममध्ये उघडा, तो लेयर वाचतो. फ्लेक्सवाल्यांसाठी अजून एक, पीएसडी ३० हजार पिक्सेलच्या पुढे जात नाही. २० फुटी बोर्ड १०० डीपीआयला २४ हजार पिक्सेल, तो बसतो, ३० फुटी ३६ हजार, तो फोटोशॉपच्या पीएसबी या मोठ्या फाइलींच्या फॉरमॅटमध्येच करावा लागेल.

हॉस्पिटलने एमआरआयची सीडी दिली, त्याच्या जेपीजी करून डॉक्टरांना पाठवू का?

घरच्यांना दाखवायला ठीक, डॉक्टरांना मात्र सीडीच द्या किंवा पूर्ण फोल्डर पाठवा. त्या सीडीतल्या डायकॉम (स्कॅन साठवायचा फॉरमॅट) फाइलमध्ये बऱ्याचदा १२ बिटचा करडा असतो, म्हणजे ४०९६ छटा, जेपीजीत उरतात २५६. सीटी स्कॅन बघताना डॉक्टर विंडो (छटांचा कुठला भाग दिसेल तो) बदलतात, हाड बघायला एक, फुप्फुस बघायला दुसरी. जेपीजीत तुम्ही सेव्ह करताना जी विंडो होती तीच गोठते, बाकीचं गेलं. मापंही जातात, कारण एक पिक्सेल किती मिलिमीटर हे हेडरमध्ये लिहिलेलं असतं. बघायला वेसिस हा ओपन सोर्स व्ह्यूअर चांगला. आणि फाइल कोणाला देताना लक्षात ठेवा, पेशंटचं नाव आणि जन्मतारीख त्याच हेडरमध्ये असते.

फिट्स फाइल गिंपमध्ये उघडली तर सगळी काळी दिसते.

फिट्स हे १९८१ पासूनचं खगोलशास्त्राचं फॉरमॅट, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत किंवा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना भेटतंच. काळी दिसते कारण दोन-चार तारे प्रचंड तेजस्वी आणि बाकी सगळं तळाशी. डीएस९ या व्ह्यूअरमध्ये उघडा, स्केल लॉग किंवा झेडस्केल करा, आकाशगंगा वर येईल. पीएनजी फक्त पोस्टरसाठी. मोजमाप करायचं ते फिट्सवरच, कारण पीएनजीत आकाशातले कोऑर्डिनेट्स नसतात आणि ताणलेल्या उजेडाचे आकडे खरे राहिलेले नसतात.

शेकडो फाइली एकदम करायच्यात.

एक्सएनकन्व्हर्ट हा प्रोग्राम वापरा. आउटपुट फोल्डर वेगळा द्या. इमेजमॅजिकची मॉग्रिफाय कमांड फॉरमॅट न सांगता चालवली तर मूळ फाइलींवरच लिहिते, विचारत नाही, म्हणून ती कॉपीवरच चालवायची. आधी पाच-सहा वेगवेगळ्या फाइलींवर करून बघा, झूम करून तपासा, मग बाकीच्या. शेवटी संख्या जुळते का बघा, ४०० आत आणि ३९७ बाहेर असं झालं तर त्या तीन शोधायच्या.

ऑनलाइन कन्व्हर्टर चालेल का?

वॉलपेपरसाठी चालेल. क्लायंटचं काम, आधार, मेडिकल रिपोर्ट, घरचे फोटो, नको. फाइल कुणाच्या सर्व्हरवर जाते ते कळत नाही, आणि बऱ्याच साइट न सांगता रिझोल्यूशन उतरवतात, प्रोफाइल काढून टाकतात.

आयफोनच्या फोटोची एचईआयसी फाइल ऑनलाइन फॉर्मवर घेत नाही.

कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट मोस्ट कम्पॅटिबल करा, पुढचे फोटो जेपीजी येतील. आधीचे एक्सएनव्ह्यूने करा. केबी कमी करायचे असतील तर आधी पिक्सेल कमी करा, क्वालिटी नंतर.

जुन्या सीडीतलं काम आत्ता करायला वेळ नाही, नुसतं जपून कसं ठेवू?

कन्व्हर्ट करायचं नंतर बघा, आधी सीडीवरून हार्ड डिस्कवर कॉपी करा, कारण घरी राइट केलेल्या सीडीतला रंगाचा थर वर्षांगणिक खराब होतो. एखादी फाइल अडली तर एक्सप्लोररमध्ये पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका, डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने जेवढं वाचता येतं तेवढं आधी काढून घ्या आणि अडलेल्या जागा शेवटी, शिवाय दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा, एका ड्राइव्हला न वाचलेली सीडी दुसरा वाचतो. फोल्डरची नावं आहेत तशीच ठेवा. फाइलींबरोबर वापरलेले फॉन्ट त्याच फोल्डरमध्ये टाका, आणि एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा की हे कुठल्या कोरेलमध्ये, कुठल्या वर्षी, कोणासाठी केलं. मग सगळ्याची दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरात.